काटा, तार आणि काच : गोंदियाच्या रस्त्यांसाठी टायर

सायकलचा टायर कोणता घ्यावा असं विचारलं की दुकानदार त्याच्याकडे असलेलं नाव सांगतो आणि मित्र आपण वापरतो तेच सांगतो. तुमच्या रस्त्यावर टोचतं काय, हे मात्र दोघंही विचारत नाहीत. टिकाऊ, सहसा पंक्चर न होणारा टायर ही एकच एक वस्तू असती तर प्रश्न पैशांचा उरला असता. पण काटा वेगळ्या रीतीने आत शिरतो, तार वेगळ्या रीतीने आणि काच तिसऱ्याच रीतीने. एकाला अडवणारी रचना दुसऱ्याला बिनबोभाट वाट देते. म्हणून या आढाव्याची सुरुवात टायरपासून करण्याऐवजी रस्त्यापासून केलेली बरी.

गोंदिया हा धानाचा जिल्हा. १ मे १९९९ रोजी भंडाऱ्यापासून वेगळा झाला, आठ तालुक्यांचा, तलावांचा आणि जंगलाचा. धानाच्या बांध्या, बांध्यांमधले धुरे आणि धुऱ्यांवर बाभळी, हे इथलं नेहमीचं दृश्य. बाभूळ इथे मुद्दाम राखली जाते. अवजाराला लाकूड तिचं, चुलीला सरपण तिचं आणि कुंपणालाही काटे तिचेच. खरिपाचं धान निघालं की गुरं मोकळी सुटतात. मग उन्हाळी धानाभोवती किंवा भाजीच्या वाडीभोवती बाभळीच्या-बोरीच्या फांद्या रचल्या जातात, आणि त्या फांद्या बैलगाडीने किंवा ट्रॅक्टरने रस्त्यावरूनच नेल्या जातात. परिणामी थंडीचे महिने, म्हणजे सायकल चालवायला सगळ्यात चांगले, तेच गोरेगाव-आमगावकडच्या गावरस्त्यांवर काट्यांचे महिने ठरतात. बाभळीचा काटा सरळ, लांब, पांढरट आणि टोकाला सुईसारखा असतो. वाळल्यावर तो आणखी कडक होतो. मराठवाड्याच्या कोरड्या माळावर सायकलवाल्याला छळतो तो सराटा, आखूड काट्यांचं टणक फळ. सराटा इथेही आहे, पण मुख्य शत्रू बाभूळच.

महामार्गावर चित्र बदलतं. साकोलीकडून येणारा राष्ट्रीय महामार्ग ५३, जुन्या माणसांच्या तोंडी अजून सहा नंबर, सडक अर्जुनी तालुक्यातल्या कोहमाऱ्यावरून आणि पुढे देवरीवरून छत्तीसगडात जातो. अवजड ट्रकांची रात्रंदिवस वर्दळ. ट्रकचा रेडियल टायर फुटला की त्याच्या चिंध्या रस्त्याच्या कडेला पडतात. त्या चिंध्यांमध्ये पोलादी तारांचं जाळं असतं आणि कालांतराने त्या तारा सुट्या होऊन डांबरावर विखुरतात. केसापेक्षा थोडी जाड, अर्धा-एक सेंटिमीटर लांब अशी ही तार डोळ्याला दिसत नाही. सायकलवाला बिचारा ट्रकला भिऊन कडेच्या पट्ट्यातून चालवतो, आणि हा सगळा कचरा नेमका त्याच पट्ट्यात साठलेला असतो. तारेचं पंक्चर फुस्सकन होत नाही. हवा हळूहळू जाते, घरी पोचेपर्यंत चाक धरून राहतं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी बसलेलं मिळतं.

काच ही गावाच्या तोंडाशी आणि ढाब्यांच्या आसपास. नव्याने डांबर टाकलेल्या रस्त्यावर सुटी गिट्टी, तिच्या कडा धारदार. वैनगंगेची रेती वाहणारे ट्रक वळणावर जी रेती सांडतात ती टायरला काही करत नाही, पाडते मात्र. शेवटी खड्डा. यात काहीच टोचत नाही. हवा कमी असलेलं चाक खड्ड्याच्या कडेवर आदळतं, ट्यूब रिम आणि टायरच्या मध्ये चिमटली जाते आणि शेजारीशेजारी दोन भोकं पडतात. सापाच्या दातांसारखी दिसतात, म्हणून सायकलवाले त्याला सापाचा चावाच म्हणतात. माझा अंदाज असा, की ‘टायर हलका निघाला’ म्हणून ज्या तक्रारी होतात त्यातल्या बऱ्याच या चाव्याच्या असतात, आणि त्यात टायरचा दोष नसून पंपाचा आळस असतो.

आता टायरची अंगरचना. आतला सांगाडा नायलॉनच्या धाग्यांचा. त्यावर रस्त्याला घासणारं रबर. चांगल्या टायरमध्ये या दोहोंच्या मध्ये एक संरक्षक पट्टा. कडेला रिममध्ये अडकणारी पोलादी तार किंवा घडी घालता येईल असा कृत्रिम धागा. टायरच्या वेष्टनावर ‘केव्हलार’ असं ठसठशीत छापलेलं पाहून माणूस भुलतो. केव्हलार हा स्टेफनी क्वोलेक यांनी १९६५ मध्ये ड्युपॉन्ट कंपनीत शोधलेला धागा, बंदुकीच्या गोळीपासून वाचवणाऱ्या जाकिटात वापरतात तोच. पण टायरमध्ये तो दोन अगदी वेगळ्या जागी असू शकतो. कडेच्या धाग्यात असेल तर टायरची घडी होते, वजन थोडं कमी होतं आणि पंक्चरशी त्याचा काडीचाही संबंध नसतो. रबराखालच्या पट्ट्यात असेल तरच तो तुमच्या कामाचा. दुकानात हा एक प्रश्न विचारला तरी निम्मा संभ्रम मिटतो.

धाग्यांची दाटीही वेष्टनावर लिहिलेली असते, एका इंचात किती धागे. साठ, एकशे वीस, क्वचित तीनशेवर. जास्त आकडा म्हणजे जास्त मजबूत असं नाही. दाट धागे बारीक असतात, त्यामुळे टायर मऊ आणि वेगवान होतो, पण कडेची भिंत नाजूक होते. काही कंपन्या तीन थरांचे धागे एकत्र मोजून आकडा फुगवतात, तोही घोटाळा आहेच. गिट्टीच्या रस्त्यावर जायचं असेल तर साठाचा टायर हा कमीपणा मानू नये.

संरक्षक पट्ट्यांचे ढोबळ दोन पंथ आहेत. एक विणलेल्या, अतिशय चिवट धाग्याचा पातळ पट्टा. जर्मनीच्या कॉन्टिनेन्टल कंपनीचे ‘ग्रां प्री ५०००’ आणि ‘ग्रां प्री फोर सीझन’ हे व्हेक्ट्रन नावाच्या धाग्यावर उभे आहेत. दुसरा पंथ जाडीचा. श्वाल्बे कंपनीच्या ‘मॅरेथॉन प्लस’मध्ये रबराखाली पाच मिलिमीटर जाडीचा लवचिक थर असतो. विणलेला पट्टा कापणाऱ्या वस्तूला चांगला अडवतो. काचेची धार धाग्यावर येऊन थांबते. पण बाभळीच्या काट्याचं टोक किंवा ट्रकची तार धागा कापतच नाही. ती दोन धाग्यांमधल्या फटीतून वाट काढते. धागा कितीही चिवट असला तरी फट ती फटच. तिथे कामी येते ती निव्वळ जाडी, कारण पाच मिलिमीटर आत शिरेपर्यंत तार बहुधा संपून जाते. काटा लांब असला तर ही जाडीही कधीकधी कमी पडते, पण बहुतेक काटे चाकाखाली वाकतात, तुटतात आणि त्यांचं टोक थरातच राहतं.

म्हणजे जाड टायर घ्यावा आणि मोकळं व्हावं? इतकं सोपं नाही. मॅरेथॉन प्लसचा एक टायर अर्ध्या किलोहून बराच जड, तर ग्रां प्री ५००० चा २५ मिलिमीटरचा टायर सव्वादोनशे ग्रॅमच्या घरात. वजनापेक्षाही खरी किंमत मोजावी लागते ती घरंगळण्याला होणाऱ्या विरोधापायी. टायर जमिनीवर टेकताना दर फेऱ्याला दबतो आणि सुटतो, त्या दबण्यात पायाची ताकद उष्णता होऊन जाते. हॉलंडमधला एक स्वतंत्र चाचणीकर्ता गेली अनेक वर्षं लोखंडी पिंपावर टायर फिरवून हे मोजतो आहे. ताशी सुमारे २९ किलोमीटर वेगाला वेगवान टायर एका चाकामागे दहा वॅटच्या आसपास खातो, तर जुन्या घडणीचा चिलखती टायर जवळपास दुप्पट. दोन चाकांचा फरक वीस वॅटपर्यंत जाऊ शकतो. साध्या हौशी सायकलवाल्याची दिवसभर टिकणारी ताकद शंभर-दीडशे वॅटची. त्यातले वीस सतत टायरला वाहायचे, ही किरकोळ बाब नव्हे. गोंदियाहून आमगावपर्यंत जाऊन परत यायचं असेल तर जाणवणार नाही, दोनशे किलोमीटरच्या दिवशी चांगलंच जाणवेल.

दोन टोकांच्या मध्ये मोठी वस्ती आहे. कॉन्टिनेन्टलचे ‘गेटरस्किन’ आणि ‘गेटर हार्डशेल’, श्वाल्बेचा ‘ड्युरॅनो प्लस’, स्पेशलाइज्डचा ‘आर्मडिलो’, मॅक्सिसचा ‘रीफ्यूज’. गेटरस्किनला भारतात जवळजवळ देवत्व मिळालेलं आहे. महामार्गावर लांब जाणारे पिढ्यान्‌पिढ्या तोच सांगत आलेत. त्याची कडेची भिंत जाळीने मढवलेली असते, गिट्टीला ती चांगली तोंड देते, रबर कडक असल्याने झिजही कमी. पण त्याच कडकपणामुळे ओल्या रस्त्यावर त्याची पकड बेताची. जून ते सप्टेंबर या जिल्ह्यात बाराशे मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, रस्त्यावर शेतातला चिखल आणि वळणावर बसलेली गुरं असतात. अशा वेळी पंक्चर न होणारा पण घसरणारा टायर हा सौदा मला तरी पटत नाही. पावसात दुसरीही एक गंमत असते. ओलं रबर कोरड्यापेक्षा सहज कापलं जातं, पाणी काचेला वंगणासारखं उपयोगी पडतं आणि वाहून आलेला सगळा कचरा रस्त्याच्या कडेला गोळा होतो. पहिल्या दोन-तीन सरींनंतर पंक्चरं वाढतात ती यामुळे.

ज्याची चर्चा सगळ्यात कमी होते आणि फायदा सगळ्यात जास्त, ती गोष्ट म्हणजे रुंदी. वीस वर्षांपूर्वी शर्यतीच्या सायकलला २३ मिलिमीटरचा टायर आणि त्यात दगडासारखी हवा, हा नियम होता. आज व्यावसायिक शर्यतीत २८ चा टायर सर्रास दिसतो आणि पॅरिस-रूबे शर्यतीच्या दगडी वाटेवर त्याहूनही रुंद. रुंद टायरमध्ये हवेचा साठा मोठा, म्हणून कमी दाबातही तो रिमला रस्त्यापासून दूर ठेवतो. कमी दाबाचा टायर बारीक दगडावर चढतो तेव्हा त्याला सामावून घेतो. तट्ट फुगलेला टायर तोच दगड स्वतःत रुतवून घेतो. सत्तर किलोच्या माणसाला २५ च्या टायरमध्ये पुढे ऐंशी आणि मागे नव्वद पीएसआय लागेल. २८ मध्ये सत्तर-पंचाहत्तरवर भागतं, ३२ मध्ये पंचावन्न-साठवर. पुढच्या चाकापेक्षा मागे थोडं जास्त, कारण वजन मागे जास्त असतं. टायरच्या भिंतीवर लिहिलेला कमाल आकडा ही मर्यादा आहे, पाळायचा नियम नव्हे, हे दुकानात हवा भरणाऱ्याला दरवेळी नव्याने सांगावं लागतं.

तेव्हा इथल्या रस्त्यांसाठी माझं मत असं, की २५ चा चिलखती टायर घेण्यापेक्षा ३२ चा मध्यम पट्ट्याचा टायर घ्यावा. वेगात तोटा नाही, अंगाला आराम, खड्ड्याचा चावा जवळपास बंद. अडचण एकच. बऱ्याच जुन्या रोड सायकलींच्या फ्रेममध्ये आणि ब्रेकमध्ये २८ च्या वर काही मावत नाही. घेण्याआधी ब्रेकच्या कमानीखाली आणि फ्रेमच्या दोन्ही बाजूंना निदान चार मिलिमीटर मोकळी जागा राहते का, ते मोजून घ्यावं. चिखल तिथेच अडकतो.

विदर्भात टायरची गोष्ट उन्हाशिवाय पूर्ण होत नाही. मे महिन्यात पारा पंचेचाळिसावर गेला की ‘उन्हात टायर फुटतो, हवा कमी भर’ हा सल्ला प्रत्येक चौकात मिळतो. हिशेब करून पाहू. सकाळी २५ अंशांना १०० पीएसआय भरलं आणि टायर तापून ५० अंशांना गेला, तर दाब ११० च्या आत राहतो. चांगल्या टायरला हे काहीच नाही. उन्हात जो टायर फुटतो तो बहुधा आधीच भिंतीला फाटलेला असतो, किंवा रिममध्ये नीट बसलेला नसतो, किंवा त्याच्या ट्यूबवरचा स्वस्त पॅच सोल्युशन मऊ होऊन सरकलेला असतो. हवा कमी भरली तर उलट खड्ड्याचा चावा ठरलेला. उन्हाचा खरा दुष्परिणाम संथ असतो. टिनाच्या शेडखाली वर्षानुवर्षं उभ्या राहिलेल्या सायकलीचं रबर कोरडं पडतं, त्याला बारीक भेगा जातात आणि मग कितीही महागडा पट्टा आत असला तरी वरचं आवरण साथ देत नाही. इन्व्हर्टर किंवा मोटारीजवळ सायकल टांगू नये. तिथे तयार होणारा ओझोन रबर खातो.

ट्यूबलेसबद्दल हल्ली भलता उत्साह आहे, आणि काट्यांच्या मुलखात तो समजण्यासारखा आहे. टायरच्या आत लॅटेक्सचं द्रव ओतलेलं असतं. काटा शिरला की द्रव भोकातून बाहेर येतं, हवेत घट्ट होतं आणि भोक बुजतं. चालवणाऱ्याला पत्ताही लागत नाही. बाभळीच्या काट्यावर आणि ट्रकच्या तारेवर याइतका चांगला इलाज दुसरा नाही. पण दोन अटी. दाब साठ-सत्तरच्या आत असला तरच द्रव भोकाशी टिकतं. त्याहून जास्त दाबात ते फवारा होऊन निघून जातं. म्हणून ट्यूबलेस शोभतो तो ३२ च्या टायरला. दुसरी अट देखभालीची. हे द्रव थंड देशात चार-सहा महिने टिकतं. आपल्या उन्हाळ्यात ते दोन महिन्यांत वाळून पापुद्रा होतं, आणि मालकाला वाटत राहतं की आपण सुरक्षित आहोत. टायर कडेला फाटला तर शेवटी आत ट्यूबच घालावी लागते, आणि तोवर टायरच्या आत मोडलेल्या काट्यांची टोकं जमलेली असतात. ती आधी न काढता ट्यूब घातली की शंभर मीटरवर पुन्हा पंक्चर. एक गोष्ट मात्र ट्यूबलेसच्या बाजूची. रिमवर टायर चढवायला एकदम जोराची हवा लागते, आणि मोटारसायकलची पंक्चरं काढणारा कॉम्प्रेसरवाला आता जवळपास प्रत्येक मोठ्या गावात आहे. फक्त त्याची नळी मोटारसायकलच्या जाड व्हॉल्व्हची, रोड सायकलचा व्हॉल्व्ह बारीक. मध्ये बसणारी पितळी टोपी थोड्याशा पैशांत मिळते. ती खिशात ठेवली नाही तर सगळा कॉम्प्रेसर शोभेचा. त्याच्याकडची मोटारसायकलची पंक्चर-पट्टी मात्र सायकलच्या भोकात घालू देऊ नये, ती फार जाड असते.

पंक्चर होऊच नये, की झालं तर चटकन काढता यावं, हा वाद नवा नाही. बेलफास्टचे पशुवैद्य जॉन बॉयड डनलॉप यांनी १८८८ मध्ये हवेच्या टायरचं पेटंट घेतलं, पण तो टायर रिमला चिकटवलेला असे. पंक्चर काढायचं म्हणजे सगळा खटाटोप. फ्रान्सच्या मिशलँ बंधूंनी १८९१ मध्ये काढता-घालता येणारा टायर आणला. त्याच वर्षी पहिल्या पॅरिस-ब्रेस्ट-पॅरिस महाशर्यतीत शार्ल तेरों हा त्याच टायरवर जिंकला. पुढच्या वर्षी मिशलँनी पॅरिस ते क्लेरमों-फेराँ अशी शर्यत भरवली आणि वाटेत रस्त्यावर चक्क खिळे पेरले. आमचा टायर फुटत नाही, असा त्यांचा दावा नव्हताच. फुटला तरी काही मिनिटांत दुरुस्त होतो, एवढंच त्यांना दाखवायचं होतं. जाहिरातीचा याहून प्रामाणिक नमुना मला ठाऊक नाही.

हाच धडा नवेगावबांधहून अर्जुनी मोरगावकडे किंवा सालेकशाहून दरेकशाकडे जंगलाच्या रस्त्याने जाणाऱ्याला लागू पडतो. तिथे पंक्चरचं दुकान लागेलच असं नाही, लागलं तरी उघडं असेल असं नाही, आणि त्याच्याकडे तुमच्या मापाची ट्यूब असेल असं तर नाहीच. अशा वाटेवर जाड पट्ट्याचा आणि पोलादी कडेचा, घट्ट बसणारा टायर हा दुधारी ठरतो. पंक्चर क्वचित होईल, पण झालं तर घामेजल्या हातांनी तो रिमवरून उतरवणं महाकर्मकठीण. नवा टायर घेतला की घरीच निवांत दोन वेळा काढून-घालून पाहावा. हाताने जमत नसेल तर तो टायर या रस्त्याचा नव्हे.

मागे कोण आहे, यावरही टायर ठरतो. नागपूरचे डॉ. अमित समर्थ यांनी २०१७ मध्ये अमेरिकेच्या एका किनाऱ्यापासून दुसऱ्या किनाऱ्यापर्यंतची ‘रेस अक्रॉस अमेरिका’ एकट्याने पूर्ण केली आणि पुढच्या वर्षी सायबेरिया पार करणारी शर्यतही. त्याआधी २०१५ मध्ये नाशिकच्या महाजन बंधूंनी हीच अमेरिकेची शर्यत जोडीने पूर्ण केली होती. या कामगिऱ्यांनी विदर्भात आणि महाराष्ट्रात कितीतरी लोकांना रोड सायकलवर बसवलं. पण त्यांचे टायर पाहून आपले टायर घेऊ नयेत. अशा शर्यतीत मागे गाडी असते, गाडीत तयार चाकं असतात. पंक्चर म्हणजे चाक बदलण्याचे काही सेकंद. तिथे हलका, वेगवान टायर शहाणपणाचा. पॅरिसच्या ऑडॅक्स क्लबच्या नियमांनी चालणाऱ्या ब्रेव्हे फेऱ्यांत मात्र नियंत्रणबिंदूंखेरीज वाटेत मदतीची गाडी चालत नाही. वेळेची मर्यादा दोनशे किलोमीटरला साडेतेरा तास, तीनशेला वीस, सहाशेला चाळीस. रात्री दोन वाजता देवरीच्या पुढे हेडलाइटच्या उजेडात पंक्चर काढताना अर्धा तास सहज जातो. वेगवान टायरने दिवसभरात वाचवलेली सगळी मिनिटं त्या एका पंक्चरात परत द्यावी लागतात. म्हणून ब्रेव्हेवाले मधला मार्ग धरतात, २८ किंवा ३० चा मध्यम चिलखताचा टायर, आणि तो बरोबरच आहे.

आयुष्याचे आकडे कंपन्या सांगतात ते सावधपणे घ्यावेत. श्वाल्बे आपल्या साध्या टायरना दोन ते पाच हजार किलोमीटर देते आणि मॅरेथॉन घराण्याला सहा ते बारा हजार. मागचा टायर पुढच्याच्या दुपटीने झिजतो आणि पंक्चरंही मागेच जास्त होतात. वजन हे एक कारण. दुसरं असं की पुढचं चाक आडवा पडलेला खिळा किंवा काटा उभा करतं आणि मागचं त्यावर चढतं. नवा टायर घेतला तर तो पुढे लावावा, पुढचा मागे न्यावा आणि मागचा टाकावा. उलट करणारे पुष्कळ. पण पुढचा टायर फुटला तर माणूस पडतो, मागचा फुटला तर बहुधा सावरतो. टायरच्या मध्यावर सपाट पट्टा दिसू लागला, किंवा कॉन्टिनेन्टलच्या टायरवरचे झीज दाखवणारे दोन बारीक खड्डे पुसले गेले, की तो गेला असं समजावं. नंतर रोज पंक्चरं काढत बसू नये.

पंक्चर काढताना एक सवय लावून घ्यावी. टायरवरचं कंपनीचं नाव नेहमी व्हॉल्व्हपाशी आणून बसवावं. मग ट्यूबमधलं भोक सापडलं की टायरमध्ये नेमकं कुठे शोधायचं ते कळतं. ट्रकची तार बोटाला लागत नाही. कापसाचा बोळा टायरच्या आतून फिरवला की ती धागे धरते. ती न काढता नवी ट्यूब टाकणं म्हणजे नवं पंक्चर विकत घेणं.

बाजाराचं वास्तव थोडक्यात. नावाजलेला परदेशी टायर दोन-अडीच हजारांपासून पुढे, तोही बहुधा नागपूरहून किंवा ऑनलाइन मागवावा लागतो. फार स्वस्तात दिसला तर संशय घ्यावा. लुधियानाच्या राल्सन, मेट्रो, राल्को आणि हैदराबादच्या हार्टेक्स यांसारख्या देशी कंपन्यांचा माल कमी किमतीत मिळतो आणि रोजच्या वापराला चालतो, पण पट्टा आहे की नाही ते त्यावरही विचारूनच घ्यावं. मापाचा घोटाळा सगळ्यात मोठा. आपल्या जुन्या काळ्या सायकलचा ‘२८ इंची’ टायर ६३५ चा असतो आणि रोड सायकलचा ७०० सी हा ६२२ चा. दोघांनाही कोणी अठ्ठावीस म्हणतं, पण एक दुसऱ्यावर बसत नाही. भिंतीवर लिहिलेली जोडी वाचावी : २८-६२२ म्हणजे रुंदी २८ मिलिमीटर, बैठकीचा व्यास ६२२.

आता एक गोष्ट जी अशा कुठल्याच आढाव्यात येत नाही. या जिल्ह्यात सायकलवर सगळ्यात जास्त अंतर कापणारे लोक स्वतःला सायकलिस्ट म्हणवत नाहीत. दूधवाला, मजूर, आणि मानव विकास कार्यक्रमातून मिळालेल्या सायकलवर शाळेला जाणाऱ्या आठवी ते बारावीच्या मुली. त्यांच्या वाटा म्हणजे नेमक्या त्याच धुऱ्यांच्या आणि बाभळींच्या वाटा. जर्मनीतल्या कुठल्याही प्रयोगशाळेत त्यांचा टायर कोणी फिरवून पाहिलेला नाही. तो बहुतेक वेळा बिनपट्ट्याचा, रबर जाड पण सच्छिद्र, आणि पंक्चर झालं की शाळेचा पहिला तास गेला. इथे महागडं काहीच लागत नाही. मुलींच्या सायकलला चाक २६ इंची असेल तर आधी भिंतीवरचा आकडा पाहावा, ५५९ आणि ५९० ही दोन वेगळी मापं एकाच ‘सव्वीस’मध्ये दडलेली असतात. त्यातल्या त्यात नायलॉनच्या सांगाड्याचा टायर घ्यावा, सुती सांगाडा ओलाव्याने कुजतो. हवा चाळीस-पंचेचाळीस पीएसआय राहील इतकी भरावी. अंगठ्याने दाबून जेमतेम दबला पाहिजे. आतून जुन्या ट्यूबची लांब पट्टी कापून टाकण्याची आपल्या पंक्चरवाल्यांची रीत अगदी योग्य आहे, फक्त पट्टीच्या दोन्ही टोकांना कानस मारून ती पातळ करून घ्यावी, नाही तर टोकाची कड घासून तीच ट्यूबला भोक पाडते. टायर फाटला असेल तर पॅचऐवजी जाड तुकडा, पंक्चरवाल्यांच्या भाषेत गेटर, आतून लावून घ्यावा. आरे बदलताना त्यांची टोकं रिमच्या आत वर येतात, तेव्हा रिमवरची रबरी पट्टीही त्याच वेळी बदलून मागावी. या सगळ्याला मिळून एका परदेशी टायरइतकाही खर्च येत नाही, आणि शाळा सुरू होण्याआधी जूनमध्ये एकदा केलं तर दिवाळीपर्यंत पुन्हा हात लावावा लागू नये.